अडकलेला आकडा

"वर्षश्राद्धाच्या दिवशी पंच्याऐंशी! एक ग्रॅम जरी जास्त भरलो ना, तर या मिशा उतरवून ठेवीन!"

दंडपाणींनी बायकोच्या तसबिरीसमोर उजवा हात वर करून ही घोषणा केली, तेव्हा त्यांचं वजन होतं नव्याण्णव किलो, आणि मिशा होत्या अख्ख्या कुंभकोणमात एक नंबरच्या.

माणूस शब्दाचा पक्का होता. वीज खात्यात चौतीस वर्षं मीटर तपासण्यात गेली होती. तारेवर आकडा टाकून वीज चोरणारा कितीही बेरकी असो, दंडपाणी दारात उभे राहिले की त्याला घाम फुटायचा. "मीटर खोटं बोलत नाही, माणूस बोलतो," हे त्यांचं आवडतं वाक्य. आता निवृत्तीनंतर मुलीने त्यांच्यासमोर काचेचं मीटर, म्हणजे वजनकाटा, आणून ठेवलं. त्यावर रोज सकाळी सहाला नुसता पंचा नेसून उभं राहायचं होतं.

मुलीचं नाव तेन्मोळी, म्हणजे मधासारखं गोड बोलणारी. तिने घरातून पहिल्यांदा हद्दपार केला तो मधच. मग साखर गेली, गूळ गेला, इडलीचं पीठ गेलं आणि शेवटी तांदळाचा डबा गेला. तांदळाचा डबा नसलेलं घर त्या गल्लीत कुणी बघितलं नव्हतं. शेजारणी येऊन रिकामी फळी बघून गेल्या.

पण तेन्मोळीला नावं कशी ठेवणार? शिवकामीला, म्हणजे तिच्या अम्माला, जाऊन नऊ महिने झाले होते. साखरेनेच नेलं. आधी डाव्या पायाचं बोट घेतलं, मग डोळे, मग मूत्रपिंडं, आणि मग बाईच घेऊन गेली. अप्पांची साखरही चढलेलीच होती. तेन्मोळी त्रिचीच्या बँकेतून बदली मागून घरी आली आणि म्हणाली, "अम्माला मी वाचवू शकले नाही. तुम्हाला जाऊ देणार नाही." यावर बाप मिशांची पैज मारून मोकळा झाला.

खाणं ठरलं मोबाइलवरच्या एका समूहाच्या नियमांनी. समूहाचं नाव 'धान्यमुक्त कुटुंब'. त्याचे प्रमुख ईरोडचे वेलुचामी अण्णन. डॉक्टर नव्हते, म्हणून डॉक्टरांपेक्षा कडक होते. सकाळी शंभर बदाम. मोजून! दुपारी पनीर आणि किसलेल्या फुलकोबीचा 'भात'. चहात साखरेऐवजी लोणी. आणि घास तोंडात जाण्यापूर्वी ताटाचा फोटो समूहावर गेलाच पाहिजे. तेन्मोळीही अप्पांना सोबत म्हणून तेच खायची. तशी भाताला ती अम्मा गेल्यापासूनच शिवली नव्हती. का, ते कुणी विचारलं नाही.

सहा आठवड्यांत आकडा नव्याण्णववरून साडेएक्क्याण्णववर आला. साखर उतरली. पँट सुटायला लागली. समूहावर टाळ्या पडल्या. दंडपाणी रस्त्यात भेटेल त्याला थांबवून पोट दाखवू लागले.

आणि मग आकडा अडकला.

साडेएक्क्याण्णव. दुसऱ्या दिवशी साडेएक्क्याण्णव. आठवड्याने साडेएक्क्याण्णव! तेन्मोळीने काट्याचे सेल बदलले. काटा स्वयंपाकघरातून अंगणात नेला. शेवटी स्वतः उभी राहिली, तर तिचा आकडा बरोबर उतरलेला. पोरगी काडी झाली होती. समूहावर सल्ल्यांचा पाऊस पडला. "शरीर विसावा घेतं, धीर धरा." "बदाम ऐंशीवर आणा." "लोणी बंद करा." "कमरेचं माप घ्या, वजन थांबलं तरी कंबर उतरते." कंबर मोजली. ती इंचभर वाढली होती.

"असं कसं होईल?" तेन्मोळी वही घेऊन बसायची. "फुलकोबी तेवढीच, पनीर तेवढंच, रोज सकाळी तासभर चालणं. थायरॉईड असेल का हो अप्पा?"

"असेल," दंडपाणी तसबिरीकडे न बघता म्हणायचे.

आता खरं काय ते सांगायलाच हवं.

त्या घरात दुपारी कुणी जेवायला बसण्याआधी मागच्या भिंतीवर भाताची एक मूठ ठेवायची रीत होती. "का... का..." अशी हाक मारायची, कावळा शिवला की मग आपली पानं. शिवकामीने चाळीस वर्षं हे केलं. ती गेल्यावर दंडपाणी करू लागले. रोज एकच कावळी यायची. इतरांना टोचून हाकलायची आणि एकटी जेवायची. शिवकामीही स्वयंपाकघरात कुणाला पाय ठेवू द्यायची नाही. पण तेवढ्यावरून नव्हे. त्या कावळीच्या डाव्या पायाला एक बोट नव्हतं. ते दिसलं त्या दिवशी दंडपाणी भिंतीशी उभ्या उभ्या रडले होते, आणि दुसऱ्या दिवसापासून भाताच्या मुठीत तुपाची धार पडू लागली होती.

तांदूळ हद्दपार झाल्यावर त्या भिंतीवर फुलकोबी आली. कावळीने मान वाकडी केली, एक कण उचलला, परत ठेवला आणि चोच भिंतीला पुसली. शिवकामी दुसऱ्याच्या हातचं सांबार अशीच चाखायची. तरी बेचाळीस दिवस ती रोज आली, बघून गेली. त्रेचाळिसाव्या दिवशी आली नाही. चव्वेचाळिसाव्याला नाही. पंचेचाळिसाव्या दिवशी मात्र दंडपाणींच्या घशाखाली पनीर उतरेना. बाई एकदा गेली, ते सोसलं. ती परत जातेय, आणि तीही फुलकोबीपायी!

तेन्मोळी बँकेत होती. त्यांनी सदरा चढवला आणि थेट कोपऱ्यावरच्या पाप्पम्माळच्या खानावळीत गेले.

"एक दहीभात. बांधून."

"कुणाला हो? तुमचं तर बंद आहे म्हणे!"

"कावळ्याला."

पाप्पम्माळने त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "कावळ्याला लोणचं बांधू का?"

दंडपाणींनी लोणच्याच्या बरणीकडे पाहिलं. "बांधा."

देवळाच्या तळ्याच्या पायऱ्यांवर पुडा सोडला, "का... का..." केलं, आणि ती आली! एक बोट कमी, रुबाब तोच. मुठीतलं सगळं खाल्लं. इथेच थांबले असते तर काही बिघडत नव्हतं. पण शिवकामीचा एक नियम होता. "कावळ्याला घालायचं आणि आपण जेवायचं नाही, हे जेवण नव्हे, भीक झाली. पाहुण्याला कुणी एकटं जेवायला बसवतं का?" म्हणून दंडपाणींनी दोन घास घेतले. केवळ सोबत म्हणून! मग पुडा उरलाच होता. शिवकामीने भाताचं शीत कधी वाया जाऊ दिलं नव्हतं.

पहिल्या दिवशी ते जेवता जेवता रडले. दुसऱ्या दिवशी रडले नाहीत, लोणचं जास्त मागितलं. मग रोजचंच झालं. अकराला तळ्यावर दहीभात, एकला घरी पनीर आणि फोटो. रविवारी तेन्मोळी घरी असायची, तेव्हा ते "जरा पेपर घेऊन येतो" म्हणायचे आणि मिशा पुसत परत यायचे. दहीभाताच्या बाबतीत त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही.

एकदा तेन्मोळीने वही मिटली आणि हसत विचारलं, "अप्पा, खरं सांगा, कुठे आकडा टाकलाय का?"

दंडपाणींच्या तोंडचं पाणी पळालं. "चौतीस वर्षं मी हा प्रश्न लोकांना विचारला! आणि तू मला विचारतेस?"

"चुकलंच माझं," ती म्हणाली आणि त्यांच्या पायाला हात लावला. ओरडली असती तर परवडलं असतं. त्या दिवशी त्यांनी तळ्यावर कावळीला बजावून सांगितलं, "शिवकामी, उद्यापासून बंद." उद्या अकराला पाय आपोआप तिकडेच वळले.

वर्षश्राद्धाचा दिवस उजाडला. काट्याने साडेएक्क्याण्णव दाखवलं. तेन्मोळीने तो आकडा वहीत लिहून टाकला. डबा हद्दपार केल्यापासून पहिल्यांदाच तिने घरात तांदूळ आणला, एक मापटं, अम्मापुरता. सांबार, कच्च्या केळ्याची भाजी, वडे, खीर, दहीभात, सगळं एकटीने रांधलं. शिवकामीची धाकटी बहीण सुंदरवल्ली सकाळीच येऊन रडायला बसली होती. भटजींनी दहाची वेळ दिली होती. ते आले साडेबाराला.

साडेदहाला दंडपाणी केळीची पानं आणायला बाहेर पडले होते. आज नाही म्हणजे नाही, असं ठरवून. पण कोपऱ्यावर कावळी तारेवर बसून ओरडत होती. वर्षाचा दिवस, आणि या भटजींच्या नादाने ती कधीपर्यंत उपाशी राहणार? त्यांनी पुडा घेतला. तिने खाल्लं. सोबत म्हणून यांनीही.

एक वाजता पान वाढून मागच्या भिंतीवर ठेवलं. सगळे हात जोडून उभे राहिले. शेवग्याच्या झाडावर ती बसलेली होती. पानाकडे बघितलं आणि पंखात चोच खुपसून खाजवत बसली. दुसरे दोन कावळे आले, तर उठून त्यांना हाकललं आणि परत फांदीवर! स्वतः खाईना, दुसऱ्याला खाऊ देईना.

अर्धा तास गेला. कावळा शिवल्याशिवाय घरात कुणाला जेवता येईना. सुंदरवल्लीने हंबरडा फोडला, "अक्का, तुझी कांचीपुरम साडी मी परत देते गं!" कावळी हलली नाही. "बरं, दोन्ही देते!" कावळी हलली नाही. भटजींच्या पोटात केव्हाचे कावळे कोकलत होते. त्यांनी घसा साफ केला आणि तेही म्हणाले, "अम्मा, पुढच्या वर्षी मी वेळेवर येईन." कावळीने मान फिरवली. तिचाही विश्वास बसला नसावा.

दंडपाणींना घाम फुटला होता. चौतीस वर्षं जो दुसऱ्यांच्या कपाळावर बघितला, तोच.

"चित्ती, साड्यांसाठी नाही," तेन्मोळी मावशीला हळूच म्हणाली. "ती माझ्यावर रागावलीय."

"तुझ्यावर गं का?"

"शेवटच्या दिवशी इस्पितळात तिने दोन घास दहीभात मागितला होता. साखर चारशे होती. मी म्हटलं, अम्मा, घरी गेल्यावर देते. ओरडले मी तिच्यावर, चित्ती. म्हटलं, या भातानेच तुझी ही दशा केलीय." तिने जोडलेले हात सोडले. "ती घरी आलीच नाही. दोन घासांनी काय झालं असतं? आता मी रांधलेलं ती कशी खाईल?"

ती भिंतीला धरून खाली बसली. वर्षभर तिने हे पोटात ठेवलं होतं. दंडपाणींनी पोरीकडे पाहिलं, फांदीकडे पाहिलं, आणि मिशांवरून शेवटचा हात फिरवला.

"ती रागावलेली नाही," ते म्हणाले. "तिचं पोट भरलंय."

सुंदरवल्लीचं रडणं मध्येच थांबलं. "काय म्हणालात, अत्तान?" तिने मेहुण्यांना विचारलं.

"सकाळीच जेवलीय. माझ्याबरोबर. तळ्यावर." आणि मग सगळंच बाहेर पडलं. तीन दिवस रिकामी भिंत, पुडा, लोणचं, सोबत, रविवारचा पेपर. "कण्णू, मीच आकडा टाकला होता गं. तुझ्या अम्माच्या तारेवर."

आता पोरगी काय बोलते, म्हणून दंडपाणी मान खाली घालून उभे राहिले.

"रोज?" तेन्मोळीने विचारलं.

"रोज."

"काय खायची ती?"

"दहीभात."

तिने तोंडावर हात घेतला. "म्हणजे... मिळाला तिला?"

"मिळाला गं पोरी. पन्नास दिवस. पोटभर. पाप्पम्माळला विचार हवं तर."

तेन्मोळी रडली. आई गेली तेव्हाही रडली नव्हती इतकी रडली. दंडपाणी तिच्या शेजारी जमिनीवर बसून राहिले, आणि साडेएक्क्याण्णव किलोंचा माणूस लहान पोरासारखा हुंदके देऊ लागला. भटजी भिंतीकडे तोंड करून डोळे पुसत होते. भुकेने की कशाने, कळायला मार्ग नाही.

तीनच्या सुमारास कावळीला भूक लागली. ती उतरली, पानावर चालत गेली आणि बाकी सगळं सोडून दहीभाताचा गोळा तेवढा उचलला.

मग पानं मांडली. तेन्मोळीने अप्पांना दोन चमचे भात वाढला. तिसरा नाही! "रोज इथेच, याच भिंतीवर. अम्माला मूठ, तुम्हाला दोन चमचे. तळं बंद. आणि साखर परत तपासायची."

"आणि मिशा?" सुंदरवल्लीने आठवण करून दिली. साड्या गेल्याचा राग कुठेतरी निघायला हवा होता.

"मिशा राहू देत," तेन्मोळी म्हणाली. "नाहीतर अम्मा ओळखणार कशी?" आणि वर्षाने तिने भाताचा पहिला घास घेतला.

जेवण्यापूर्वी दंडपाणींनी इमानेइतबारे ताटाचा फोटो समूहावर टाकला. प्रथमच पूर्ण खरा. तिकडून लगेच वेलुचामी अण्णनचा गरजणारा प्रश्न आला, "हा भात कुणाचा?"

दंडपाणींनी एका बोटाने, एकेक अक्षर शोधत लिहिलं, "बायकोचा. मी फक्त सोबतीला आहे."

दोन मिनिटांनी त्यांना समूहातून काढून टाकण्यात आलं.