उणे ऐंशीतले वडील

वडील जिवंत होते तो शेवटचा दिवस संशोधिकेने संस्थेच्या भांडाराच्या खिडकीसमोर उभं राहून काढला. दिवस अगदी नेहमीसारखा होता. म्हणजे कोणतंही काम होत नव्हतं.

खिडकीच्या आत थर्माकोलची एक पेटी होती. पेटीत कोरडा बर्फ, बर्फात बोटाएवढी कुपी, कुपीत चिमूटभर ट्युब्युलिन नावाचं प्रथिन. वर लिहिलं होतं : ‘पुनःसंयोजित मानवी प्रथिन. उणे ऐंशी अंशांत ठेवावे. केवळ प्रयोगशाळेतील संशोधनासाठी.’ भांडारपालांनी यातला ‘मानवी’ हा एकच शब्द वाचला आणि चष्मा काढून ठेवला.

“ताई, हे माणसाचं आहे.”

“माणसाच्या अंगातून काढलेलं नाही हो. माणसाच्या जनुकाची नक्कल किड्याच्या पेशीत घालून तिथे तयार केलंय.”

“म्हणजे किड्याचं?”

“नाही, प्रथिन माणसाचंच.”

“आलात ना वळणावर! मानवी वस्तूला जवळच्या नातेवाइकाची संमती लागते. तोंडी चालते, पण याच खिडकीत आणि मोठ्याने. किड्यांचं म्हणाल तर ते खातं वेगळं. ते फवारणी करतात.”

“अहो, यात माणूसच नाही, तर नातेवाईक कुठून आणू?”

“मग बेवारस म्हणायचं. बेवारस म्हटलं की पोलीस आले.”

पेटीच्या फटीतून येणारा पांढरा धूर विरळ होत चालला होता. बर्फ संपला की प्रथिनाच्या गुठळ्या होणार आणि कर्करोगाच्या ज्या औषधाची परीक्षा त्याच्यावर घ्यायची, ते पुन्हा रांगेच्या शेवटी जाणार.

तेवढ्यात फोन वाजला. आयुष्यभर बस चालवून निवृत्त झालेले तिचे वडील रोज याच सुमाराला फोन करत आणि रोज तेच विचारत.

“आलं का गं तुझं पार्सल? त्यात असतं तरी काय?”

“बाबा, तुम्हाला नाही कळायचं. ठेवते.”

भांडारपालांनी कान टवकारले. “वडील का? मग दाता म्हणून त्यांनाच लावू. घरचा माणूस, घरचीच संमती.”

“ते जिवंत आहेत!”

“जिवंत दात्याला जातीने यावं लागतं. मयत दाखवलं की पेटी आत्ता सुटेल. दप्तरापुरतंच हो! दप्तरात मेल्याने माणूस मरतो होय?”

तिने धुराकडे पाहिलं आणि ती गप्प राहिली. मोठ्याने द्यायची संमती गप्प राहूनही देता येते, हे तिला तेव्हा कळलं. पेटी सुटली. तोवर धूर संपला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी वडील चहाचा कप घेऊन खुर्चीत बसले, ते उठलेच नाहीत.

संस्था मात्र दात्याला विसरली नाही. संचालकांनी शोकसभा घेतली. “या थोर पुरुषाने स्वतःचं प्रथिन विज्ञानाला वाहिलं,” असं ते गहिवरून म्हणाले. फोटोत निम्म्या लोकांचे डोळे उघडे आल्यामुळे शांतता दुसऱ्यांदा पाळावी लागली. गुठळ्या झालेली, कवडीच्याही उपयोगाची न उरलेली कुपी उणे ऐंशीच्या कपाटात सर्वांत वरच्या कप्प्यात विराजमान झाली. दात्याचे अवशेष म्हणून तिला हात लावायची कोणालाच परवानगी नव्हती, मुलीलाही नाही.

मुलीच्या रजेचं मात्र अडलं. ‘आपले वडील आदल्या दिवशीच वारले असल्याने दुसऱ्या दिवशी वारलेले गृहस्थ आपले कोण, याचा खुलासा व्हावा,’ अशी वरून विचारणा आली. ती पुन्हा खिडकीत गेली.

“रजा गेली खड्ड्यात. मला तो दिवस परत द्या. त्या दिवशी बाबा जिवंत होते.”

“साक्षीदार?”

“तुम्हीच की! तुमच्यासमोर फोन आला.”

“वाजलेला मी ऐकला. पलीकडे कोण होतं, ते मला काय ठाऊक? बोलणं काय झालं?”

“त्यांनी विचारलं, पार्सलमध्ये काय असतं.”

“आणि तुम्ही काय सांगितलंत?”

“काही नाही.”

भांडारपाल हळहळले. ते मनाने वाईट नव्हते; त्या संस्थेत मनाने वाईट कोणीच नव्हतं, म्हणून तर ती इतकी सुरळीत चालली होती. “ताई, उत्तर मिळालं नसेल तर नियमाने ते संभाषण होत नाही. आणि संभाषण नाही, तर तो दिवसही नाही. द्यायचंच असेल तर उत्तर आत्ता द्या. मोठ्याने.”

मागे रांग होती. रांगेत तुमच्याआमच्यासारखीच माणसं होती : शिकलेली, हळवी, अशा कारभाराला शिव्या घालणारी, आणि घरून आलेला फोन ‘कामात आहे’ म्हणून नुकताच कापलेली. “आटपा हो बाई,” त्यांतलं कोणीतरी म्हणालं.

ती खिडकीच्या गजांपर्यंत वाकली.

“बाबा, पेशीत रस्ते असतात. एका टोकाला बांधत जातात, दुसऱ्या टोकाला उखडत जातात, आणि त्यांच्यावरून सामान वाहणाऱ्या गाड्या सारख्या धावत असतात. ते रस्ते ज्याचे बनतात ना, ते त्या पार्सलमध्ये होतं.” तिने आवाज चढवला. “तुम्हाला कळलं असतं, बाबा. तुम्हाला कळलं असतं.”