शिवलिंगअण्णांचं जादा ताट

मुलांनो, आमच्या शेजारचे शिवलिंगअण्णा मंडईला दोन फेऱ्या मारतात. पहिल्या फेरीत काहीच विकत घेत नाहीत. मंडई या टोकापासून त्या टोकापर्यंत बघून घेतात आणि जे घ्यायचं त्याच्या नावाची चिठ्ठी एकेका रिकाम्या पिशवीला लावतात. दुसऱ्या फेरीत खरेदी. तोवर वांगी संपलेली असतात.

"अण्णा, मगाशीच घ्यायची की," भाजीवाली म्हणते.

"असू दे. पिशवी हाय न्हवं? वांगी अजून अनडिफाइन्ड हायत," म्हणत अण्णा ती पिशवी घडी घालून घरी आणतात.

दोष जावास्क्रिप्टचा. तुमच्या पडद्यावरच्या वेबपानांना हलतं करणारी ही भाषा अण्णा आपल्या माडीवर शिकवतात. मीही एकदा मागच्या बाकावर बसून आले. कामाला लागण्याआधी ही भाषा म्हणे सगळा मजकूर एकदा नजरेखालून घालते आणि प्रत्येक नावासाठी जागा धरून ठेवते. जागा आहे, पण तिच्यात अजून काही आलेलं नाही, याला अनडिफाइन्ड म्हणायचं. मग एकेक ओळ चालवत गेली की ज्याची त्याची किंमत येऊन बसते. "आधी जागा, मग किंमत," हे अण्णांचं पालुपद.

रविवारी ते विद्यार्थ्यांना आणि मला जेवायला बोलावतात. बायको गेल्यापासून स्वयंपाक तेच करतात. माणसं यायच्या आत ताटं मांडून तयार असतात. वाढण्याआधी कुणी ताटाला हात लावला की अण्णा कडाडतात, "एरर!" जेवताना एक गोष्ट सांगता सांगता तिच्या पोटात दुसरी काढतात, दुसरीच्या पोटात तिसरी. तिसरी संपल्याशिवाय दुसरीकडे येत नाहीत, दुसरी संपल्याशिवाय पहिलीकडे. "शेवटी आला तो आधी जाणार, आमच्या जावास्क्रिप्टात असंच हाय," म्हणतात. भाकरी कडकच असते, म्हणून वाळायची भीती नाही.

दर रविवारी एक ताट मात्र तसंच राहतं. मला पसारा खपत नाही. परवा मी ते उचलून फडताळात ठेवायला निघाले.

"इरली, वहिनी, इरली." मन हललं की अण्णांचं कन्नड वर येतं. "राहू दे ते. तुमी उचललं की ते नल झालं. नल म्हणजे माणसानं मुद्दाम रिकामं केलेलं. हे तसं न्हाय. हितं किंमत यायची हाय."

ते ताट शोभाचं, त्यांच्या मुलीचं. तिनं आपल्या मनानं लग्न केलं म्हणून अण्णांनी बोलणं सोडलं आणि तिनं येणं. पुण्यात तर असते.

मी ताट होतं तिथं ठेवलं. पण वर्गात ऐकलेलं एक वाक्य मला आठवत होतं.

"अण्णा, फंक्शन, म्हणजे नाव देऊन ठेवलेलं काम, नुसतं लिहून ठेवलं तर गप्प पडून राहतं, हाक मारावी लागते, असं तुम्हीच शिकवता ना?"

अण्णांनी हातातला भाकरीचा तुकडा खाली ठेवला. मग हात धुऊन आले, चष्मा लावला आणि फोन काढला.

पलीकडून शोभाचं "अप्पा?" एवढंच ऐकू आलं.

"जेवायला ये की," अण्णा म्हणाले, आणि पुढची ओळ काही त्यांना सापडेना.

मी त्या ताटाशेजारी पाण्याचा पेला मांडला.