साठ अर्मीदो आणि एक माघार

नेल्लोने एकाच माणसाचे साठ चेहरे तयार केले होते. तो माणूस त्याचा होणारा सासरा होता, आणि त्या साठांच्या साठांनी आत्ता पाठ दाखवून धूम ठोकली होती.

"पळाले," ब्रूना म्हणाली.

"दिसतंय मला."

"सकाळपासून चौथ्यांदा पळाले. आणि पळताना मिशा किती छान उडतायत बघ."

मोन्तेरुफ्फा गावात, बेकरीच्या माडीवरच्या दोन खोल्यांत बसून ही दोघं संगणकावरचा लढाईचा खेळ बनवत होती. पंधराव्या शतकातली इटालीतली गावं आणि त्यांची एकमेकांशी भांडणं, असा त्याचा विषय. ब्रूना खेळ चालता ठेवायची आणि नेल्लो सैन्य उभं करायचा. लांब भाल्यांचे भालाईत, चिलखती घोडेस्वार, तोड्याच्या बंदुका खांद्यावर टाकून खोकत चालणारे भाडोत्री शिपाई, सगळे त्याच्याच हातचे. प्रत्येक तुकडीला तो तीन आकडे द्यायचा, मारा, बचाव आणि धीर. धीर संपला की तुकडी पळायची आणि लढाई मिटायची.

उद्या गावचा सण होता. चौकात मोठा पडदा लावून सगळ्या गावाला खेळ दाखवायचं ठरलं होतं, आणि गाव म्हणजे दोन आळ्या. टेकडीवरची बगळ्यांची आणि ओढ्याकाठची बेडकांची. दोघांचं हाडवैर इतकं जुनं, की कारण कुणालाच आठवत नव्हतं आणि त्यामुळे ते मिटवताही येत नव्हतं. नेल्लो जन्माने बेडूक. त्याची ऑर्नेला बगळा. तिचे वडील सिन्योर अर्मीदो म्हणजे तर बगळ्यांच्या धनुर्धरांचे कप्तान. दर सणाला गावात खटका ओढून बाण सोडायच्या धनुष्यांची स्पर्धा व्हायची आणि त्यात अर्मीदोंचा शब्द शेवटचा असायचा.

"तुम्ही खुशाल लग्न करा," त्यांनी ऑर्नेलाला सांगितलं होतं, "पण बेडकाच्या लग्नात मी पाय ठेवणार नाही."

"आणि बाबांनी हात धरून नेल्याशिवाय मी वेदीपर्यंत जाणार नाही," ऑर्नेलाने नेल्लोला सांगितलं होतं. बापलेक एकाच मातीचे होते.

म्हणून नेल्लोने ही शक्कल लढवली होती. बगळ्यांच्या धनुर्धरांची तुकडी करायची आणि तिला अर्मीदोंचा चेहरा द्यायचा. तेच नाक, त्याच मिशा. म्हातारा खूश होईल, लग्नाला येईल. फक्त या साठ अर्मीदोंनी पहिल्या चकमकीतच शेपूट घातली होती.

"धनुर्धर आहेत रे," ब्रूनाने समजावलं. "समोरून भाले अंगावर आले की मागे सरणारच. धनुष्य पुन्हा ताणायलाच केवढा वेळ लागतो! तूच तर मला हे शिकवलंस."

"उद्या साठ अर्मीदो बेडकांसमोरून पळताना खऱ्या अर्मीदोंना दिसले, तर मी जन्मभर बिनलग्नाचा राहीन. वाढव धीर."

ब्रूनाने धीर वाढवला. ती लांबच्या गावची होती, तिला हे सगळं नाटक फुकट बघायला मिळत होतं.

पण बेकरीतल्या भट्टीशेजारी उभं राहिलं की माडीवरचं सगळं ऐकू येतं, आणि भट्टीशेजारी नेल्लोची आई इल्दाबाई पाव घ्यायला उभ्या होत्या. त्या पाव हातात घेऊनच वर आल्या.

"बगळ्यांचा धीर वाढवलास म्हणे?"

"आई, तो खेळ आहे."

"खेळ आहे ना? मग आमच्या भालाइतांचाही वाढव. तुझ्या आजोबांनी याच आळीत प्राण सोडला. त्यांच्या नातवाने बेडकांना पळवलं असं मी ऐकून घ्यायचं? मग आजपासून बगळ्यांकडेच जेवायला जा!"

नेल्लोने बेडकांचा धीर वाढवला. ते बगळ्यांच्या झेंडेकऱ्याला कळलं, मग तो आला. त्यानंतर बेडकांचे ढोलवाले आले. दुपारपर्यंत जिन्यावर रांग लागली आणि दोन्हीकडचा धीर चढत चढत जिथे जाऊन आकडेच संपतात तिथे पोचला.

"आता कुणीच पळणार नाही," ब्रूना म्हणाली. "मग लढाई संपायची कशी?"

"मरतील की माणसं! कुणीतरी आधी संपेल."

तेवढ्यात धापा टाकत फादर झेनो वर आले. सणाच्या दिवशी, देवळासमोर, गावच्या माणसांनी एकमेकांना ठार मारलेलं त्यांना चालणार नव्हतं. नेल्लोने पुष्कळ विनवलं, पण देवळाची वीज घेऊनच पडदा चालणार होता. शेवटी असं ठरलं, की घाव बसलेला माणूस खाली पडेल, कपडे झटकेल आणि पुन्हा उभा राहील.

"शाबास!" फादर झेनो म्हणाले. "ख्रिस्ती लढाई म्हणतात ती हीच."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चौक गच्च भरला. डावीकडे बगळे, उजवीकडे बेडूक, मधे संगणक घेऊन नेल्लो. पडद्यावर साठ अर्मीदो उभे राहिले तेव्हा बगळ्यांनी टोप्या उडवल्या. खरे अर्मीदो खुर्चीत ताठ बसले होते. त्यांचा हात आपोआप मिशीवर गेला.

त्यांच्या बायकोने, देल्मीराबाईंनी, मात्र कपाळावर हात मारून घेतला. "अगं बाई! मला एक झेपत नाही, यानं साठ केले!"

लढाई जुंपली. अर्मीदोंनी बाण सोडले, भालाईत पडले, उठले. भालाईत अंगावर धावले, अर्मीदो पडले, उठले. चौकात आरोळ्या घुमल्या, वाइनच्या सुरया फिरल्या. अर्मीदोंच्या पेल्यात तर जो तो येऊन ओतत होता, कारण साठांच्या वतीने पिणारे ते एकटेच होते. असा एक तास गेला. मग दुसराही. अर्मीदोंचे बाण संपले तेव्हा त्यांनी धनुष्यांनीच बडवायला सुरुवात केली. बेडकांचे भाले मोडले, ते काठ्या घेऊन उभे राहिले. कुणी एक पाऊल मागे घेईना.

दोन्ही आळ्यांत जेवणाची लांबच लांब टेबलं मांडून ठेवली होती. स्वयंपाकी चौकात येऊन ओरडले, "शेवयांचा लगदा झाला! जेवायला उठा!"

कुणीही उठलं नाही. जो आधी उठेल तो पळाला असं ठरणार, हे न बोलताही सगळ्यांना कळलं होतं. बेडकांची लहान पोरं खुर्चीतच पेंगत होती. बगळ्यांच्या एका बाईचं बाळ रडत होतं, तर तिने ते मागच्या बाईकडे दिलं आणि आपण जागेवरच राहिली.

"मी बंद करू का?" नेल्लोने हळूच विचारलं.

"खबरदार!" बगळे ओरडले. "बेडूक हरणार म्हणून बंद करतोस?"

"बंद करून बघ!" पहिल्या रांगेतून त्याची आई ओरडली. "सासऱ्याची बाजू घेतोस होय रे?"

नेल्लोला घाम फुटला. दोघांपैकी कुणाचाही धीर कमी केला तरी मरण त्याचंच होतं. ब्रूना मात्र सूर्यफुलाच्या बिया सोलत मजेत बसली होती.

इतक्यात कुणीतरी त्याच्या बाहीला ओढलं. अर्मीदो खुर्चीसकट सरकत सरकत त्याच्यापर्यंत आले होते. चेहरा लालबुंद, कपाळावर शीर ताठ, गुडघे एकमेकांना घट्ट चिकटलेले.

"पोरा," ते दातओठ खात पुटपुटले, "पळव."

"कुणाला, सिन्योर? बेडकांना?"

"बेडूक पळाले तर लोक मला खांद्यावर घेऊन नाचवतील, गाढवा! आणि खांद्यावर घेतलं तर..." त्यांनी डोळे मिटून घेतले. "आमच्याच लोकांना पळव. लवकर. मी आता फार वेळ दम धरू शकत नाही."

नेल्लोने त्यांच्या गुडघ्यांकडे बघितलं, मग पेल्याकडे बघितलं, आणि त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. बटण दाबून त्याने बगळ्यांचा धीर शून्यावर आणला.

साठ अर्मीदो वळले आणि मिशा उडवत डोंगराकडे सुटले. त्याच क्षणी एकसष्टावा अर्मीदो खुर्ची उलथून देवळामागच्या गल्लीकडे सुटला.

बेडकांनी आकाश डोक्यावर घेतलं. बगळे सुन्न झाले. मग कुणीतरी हळहळलं, "बघवलं नाही बिचाऱ्याला. केवढं मानी रक्त!" पुष्कळ बायकांनी डोळे पुसले. देल्मीराबाई तेवढ्या रुमालाआड हसत होत्या, कारण नवऱ्याने किती पेले रिचवले ते त्यांनीच मोजले होते.

अर्मीदो परत आले तेव्हा सबंध चौक उभा राहिला. त्यांच्या मुखावर अशी शांती होती, की फादर झेनोंनीही मान लववली. हरूनही एवढा समाधानी माणूस गावाने कधी पाहिला नव्हता. ते थेट बेडकांच्या बाजूला गेले आणि त्यांनी इल्दाबाईंचा हात हातात घेतला. इल्दाबाई इतक्या गडबडल्या, की "जेवायला आमच्याच टेबलावर या" असं बोलून बसल्या. मग काय, बगळे आणि बेडूक दोघांनी मिळून तो शेवयांचा लगदा चाटूनपुसून संपवला.

जेवताना अर्मीदोंनी नेल्लोला शेजारी बसवून घेतलं. पलीकडून ऑर्नेला श्वास रोखून बघत होती.

"जूनमध्ये बार उडवून टाकू," ते त्याच्या कानात म्हणाले. "हिला वेदीपर्यंत मी नेईन. आणि आजचं कुठे बोललास तर मेलास."

"नाही बोलणार, सिन्योर अर्मीदो."

"सिन्योर काय? बाबा म्हण." त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि आवाज आणखी खाली आणला. "आणि काय रे, ते साठ जण... ते पोचले ना वेळेवर?"

"सगळे पोचले, बाबा."

अर्मीदोंनी समाधानाने मान डोलावली आणि पेला बाजूला सारून पाणी मागितलं.