हनुमंतभाऊंचा खानदानी आजार

"येत्या रविवारी माझी अनघा येणार म्हंजी येणार! आन् नुसतं तोंड दाखवून जायाची न्हाई, चांगली दिवसभर बसणार!" रखमाजीच्या ओट्यावर मांडी थोपटत हनुमंतभाऊंनी जाहीर केलं.

रखमाजीनं चहाची बशी खाली ठेवली. "दिवाळीला बी हेच म्हनला हुता."

"दिवाळीला माझ्याकडं आजार नव्हता. आता हाय!"

रखमाजी म्हणजे भाऊंचा शेजारी आणि लहानपणापासूनचा मैतर. आंदर मावळातल्या ज्या वाडीत हे दोघं राहतात, तिथं एसटी तिच्या मनात आलं तरच येते. तशीच भाऊंची लेक. एकुलती एक पोर, शिकत शिकत पार पुण्याच्या संशोधन संस्थेत जाऊन पोचली आणि तिथंच रमली. तिची आई गेल्यापासून भाऊ घरात एकटेच. सांजच्याला गोठ्यात बसून गाईशी बोलायचे. गाय बिचारी सगळं ऐकून घ्यायची, पण "आबा, जेवलात का?" असं काही विचारायची नाही.

अनघाचं काम तसं अवघड होतं. काही घरांत चाळिशी ओलांडली, की माणसांच्या पायांतली ताकद हळूहळू जाते. त्यातही गंमत अशी, की सख्खे दोन भाऊ, दोघांत जनुक तेच, पण एकाला आजार होतो आणि दुसरा खुशाल डोंगर चढतो. मग एकात ते जनुक चालू कोण करतं आणि दुसऱ्यात बंद कोण ठेवतं, हे ती शोधत होती. भाऊंनी रखमाजीला समजावलं होतं, "दोन्ही घरी लाइट हाय, बटन कोन दाबतंय त्ये बघायचं." अनघाचं म्हणणं, आबांना तिच्या साहेबांपेक्षा लवकर कळलं.

आता दुखणं कुठं होतं ते सांगतो. मागच्या महिन्यात अनघा टाकव्याला आली होती. तिथल्या एका घरात हा आजार होता. त्या घरी ती सकाळची बसली ती दुपारपर्यंत. म्हाताऱ्याचे पाय हातात घेऊन तपासले, त्याच्या आज्या-पणज्याची चौकशी केली, पिठलं-भाकरी खाल्ली. मग बापाकडं आली, उभ्या उभ्या चहा घेतला आणि "रक्ताचे नमुने गरम होतील आबा" म्हणत स्कुटीला किक मारून गेलीसुद्धा!

"त्या टाकव्याच्या म्हाताऱ्याचं नशीब बघ," ती घोषणा व्हायच्या घटकाभर आधी भाऊ त्याच ओट्यावर रखमाजीला म्हणाले होते. "त्येचं पाय गेलं, पर माझी लेक त्येच्या पायाशी बसली! आमचं पाय धडधाकट, म्हनून आमी उपाशी!"

हे बोलता बोलताच भाऊंच्या डोक्यात ती कल्पना आली. कल्पना कसली, अवदसाच!

त्यांनी तिथूनच फोन लावला. "अनघा, माझ्या पायात जोर न्हाई गं ऱ्हायला."

पलीकडनं अनघाचा आवाज आला, बारीक झालेला. "आबा, कधीपासून? दोन्ही पाय? जिना चढताना त्रास होतो का?"

"लय हुतो!" भाऊ म्हणाले. वाडीत जिना एकाच घराला होता आणि तो यांच्या घराला नव्हता.

"आजोबांना होतं असं काही?"

इथं भाऊंनी खरं सांगायला हवं होतं. त्यांचे वडील पंच्याहत्तरीत भाताचं पोतं पाठीवर घेऊन घाट चढायचे. पण लेक इतक्या मायेनं विचारत होती, इतका वेळ बोलत होती! गेल्या कित्येक महिन्यांत ती फोनवर "जेवलात का, गोळी घेतली का, ठेवते" याच्या पुढं गेली नव्हती. त्या मायेच्या भरात भाऊंनी वडिलांचे पाय घालवले. अनघा आणखी हळू बोलायला लागली, तेव्हा एका चुलत्याचे घालवले. मग थोरल्या भावाचेही. तो बिचारा साप चावून गेला होता!

"मी रविवारी येते आबा. सगळं सामान घेऊन येते. घाबरू नका हं," अनघा म्हणाली.

भाऊंनी फोन ठेवला आणि रखमाजीकडं बघून असे हसले, जसं काही बैलगाडा शर्यतीत पहिला नंबर आला होता.

रविवारी अनघा सकाळीच आली. स्कुटीवर पुढं पांढरा थर्माकोलचा डबा, पाठीला सॅक. डोळे सुजलेले होते, पण भाऊंना ते प्रवासामुळं वाटलं. ते दारात लंगडत आले. "ये बाय, ये." मग आनंदाच्या भरात उजवा पाय सोडून डाव्या पायानं लंगडायला लागले!

अनघानं ते पाहिलं. तिच्या कपाळावर आठी आली. "आबा, नक्की कुठला पाय?"

"ह्यो... म्हंजी दोन्ही. पाळीपाळीनं!"

"आणि मोठ्या काकांनाही होतं म्हणालात ना? मग पवनलाही तपासायला हवं. मी त्याला आणि काकूला कालच फोन केलाय, येतायत दोघं."

भाऊ लंगडायचंच विसरले. पवन म्हणजे त्याच थोरल्या भावाचा मुलगा, लोणावळ्यात एका रिसॉर्टवर कामाला. औंढ्याच्या कोंडाजीच्या पोरीशी त्याचं लग्न ठरलेलं. सुपारी फुटली होती, हॉल घेतला होता, आता बस्ता बांधायचा राहिला होता. आणि भाऊंना आत्ता आठवलं, की बस्त्याचं बोलायला कोंडाजी आजच येणार होता, तोही याच घरी! पवनला बाप नाही म्हटल्यावर घरातला वडीलधारा माणूस कोण? आपले हनुमंतभाऊच!

"आजच्याला पवन कशाला?" भाऊ चाचरले. "त्येला कामं असतील. आपुन दोघंच बसू की. म्या तांदळाची भाकरी टाकतो, कालवन करतो..."

"आबा, हे घराण्यात असतं. आधी कळलं तर पवनचा फायदाच आहे."

तेवढ्यात पवन आलाच. मागून त्याची आई नंदाबाई, चेहरा पांढराफटक. बाईंनी भाऊंना बाजूला ओढलं. "भावजी, माझ्या मालकाला कंचा आजार हुता? तीस वर्सं संसार केला, मला कसं कळलं न्हाई?"

"वैनी, जरा दम खावा. नंतर सांगतो."

"नंतर कवा? पोरगा रातभर झोपला न्हाई, नुसतं आपलं पाय चोळत बसलाय!"

अनघाचं मात्र काम सुरू झालं होतं. तिनं पवनला अंगणात उभं केलं. "टाचांवर चालून दाखव. आता चवड्यांवर. आता उकिडवा बस आणि हात न टेकता ऊठ." पवन घाबरून इतका थरथरत होता, की तो उठताना पडलाच! नंदाबाईंनी हंबरडा फोडला. आईकडून तर काही आलं नाही ना, हे बघायचं म्हणून अनघानं त्यांना टाचांवर चालायला लावलं. तमाशा बघायला आलेला रखमाजी, आपलं कशाला मागं राहायचं म्हणून तोही टाचांवर चालायला लागला. उघड्या डब्यातून बर्फाची वाफ अंगणभर पसरलेली, आणि त्या वाफेतून तीन माणसं बदकासारखी फेऱ्या मारतायत!

नेमकी याच वेळी कोंडाजीची जीप दारात लागली.

कोंडाजी म्हणजे दोन पोती भाताच्या वजनाचा माणूस, डोक्याला पांढरी टोपी, बरोबर गावातली दोन वडीलधारी मंडळी. तो फाटकातच थबकला. होणारा जावई टाचांवर, विहीणबाई टाचांवर!

"रामराम," तो म्हणाला. "ह्ये काय चाललंय म्हनायचं?"

भाऊंनी तोंड उघडलं, पण रखमाजीनं आधीच उघडलं होतं. मैतराला मदत करायची त्याला फार हौस. "काय न्हाई पाव्हणं, यांचा खानदानी आजार हाय. चाळिशी झाली की पाय जात्यात. म्हंजी पवनला अजून पंधरा वर्सं तरी काय भ्या न्हाई!"

बदकांच्या फेऱ्या जागच्या जागी थांबल्या. गाईनंसुद्धा रवंथ थांबवला.

"आसं हाय व्हय," कोंडाजी सावकाश म्हणाला. "मग आमाला आदी सांगायला पायजे हुतं. पोरीच्या जन्माचा प्रश्न हाय, भाऊ." आणि तो जीपकडं वळला.

पवननं काकाकडं पाहिलं. ती पोरगी त्याला शाळेपासून आवडायची, हे सगळ्या वाडीला ठाऊक होतं. भाऊंनी अनघाकडं पाहिलं. ती हातात रिकामी सिरिंज घेऊन उभी होती, जवळ, अगदी हाताच्या अंतरावर. खरं सांगितलं तर ही आत्ता डबा उचलून जाणार आणि पुन्हा या दारात पाय ठेवणार नाही. नाही सांगितलं तर पोराचं लग्न मोडणार.

"थांबा!" भाऊ ओरडले. "आजार-बिजार काय न्हाई! म्या खोटं बोललो!"

"आता आसंच म्हननार तुमी," कोंडाजी पाठमोराच म्हणाला.

मग भाऊंना राहवलं नाही. ते धावले. कोंडाजीच्या पुढं वाकले, त्याचे दोन्ही हात खांद्यावरून ओढले आणि पोतं उचलावं तसा तो अख्खा माणूस पाठीवर घेतला!

"आरं आरं! सोड! पडंन म्या!"

"बघा हे पाय!" भाऊ पळायला लागले. अंगणाला एक फेरी, गोठ्याला एक फेरी. "ह्ये माझ्या बापाचं पाय! ह्ये माझ्या भावाचं पाय! साप चावला म्हनून गेला त्यो, न्हाईतर आज तुमाला त्यानंच उचललं आसतं!" कोंडाजीची टोपी उकिरड्यावर पडली. नंदाबाई "भावजी, व्याह्याला खाली ठेवा!" म्हणत मागं पळतायत, औंढ्याची मंडळी त्यांच्या मागं, आणि रखमाजी अजूनही टाचांवरच!

"पटलं! पटलं!" कोंडाजी वरून किंचाळला. "लगीन कबूल! बस्ता कबूल! खाली ठेव बाबा!"

भाऊंनी त्याला खाटेवर ठेवलं. धाप लागली होती ती कोंडाजीलाच. भाऊ नुसते घामाघूम झाले होते, आणि मान वर करायची त्यांची हिंमत होत नव्हती.

"आबा," अनघा म्हणाली. "का केलंत हे?"

"तू यावीस म्हनून." भाऊ जमिनीकडं बघत म्हणाले. "टाकव्याच्या म्हाताऱ्यापाशी सकाळधरनं बसलीस. मला वाटलं, आजार असल्याबिगर तुला बापाकडं यायला सवड हुयाची न्हाई. लय आठवन येती गं पोरी. दुसरं कायबी न्हाई."

"मी तीन रात्री रडलेय आबा! हा आजार कसा वाढत जातो ते मला माहितीये. रोज डोळ्यांसमोर तुमचे पाय दिसायचे!" ती खरंच चिडली होती. मग खाटेवर हाशहुश करत पडलेल्या कोंडाजीकडं तिची नजर गेली आणि तिला हसू फुटलं. हसता हसता पुन्हा रडू आलं. नंदाबाईंनी तिला जवळ घेतलं आणि दिराला डोळ्यांनीच काय ते सुनावलं.

चहा झाला, टोपी धुऊन झाली. अनघानं डोळे पुसले आणि सिरिंजचं नवं पाकीट फोडलं. "आबा, हात पुढं करा."

"आता कशाला? म्या तर ठणठणीत हाय."

"म्हणूनच. आजारी माणसांशी ताडून बघायला निरोगी माणसंही लागतात. तुमच्या वयाचा, व्याह्याला पाठीवर घेऊन पळणारा माणूस मला उभ्या मावळात दुसरा मिळायचा नाही." मग तिनं नंदाबाईंना विचारून घराण्याची खरी हकिगत घेतली. भाऊंच्या शब्दावर आता तिचा भरवसा नव्हता. तिनं सगळं समजावून सांगितलं, सही घेतली आणि भाऊंच्या दंडाला पट्टा बांधला. लेकीची बोटं मनगटावर होती. भाऊंना वाटलं, अंगातलं सगळं रक्त घेतलं तरी चालेल, सावकाश घे म्हणजे झालं.

"आता ह्येच्यासाटी येत जाशील का दर रविवारी?"

"बघू आबा," ती म्हणाली. पण हसून म्हणाली. मग रक्त ताजं असतानाच पुण्याला पोचायला हवं म्हणून निघाली. भाकरीचा घास तेवढा भाऊंनी फाटकात तिच्या तोंडात घातला.

पुढच्या रविवारी भाऊंनी पहाटेच अंगण झाडलं. इंद्रायणीचा भात लावला, खेकड्यांचं कालवण केलं, दोन ताटं घासूनपुसून मांडली. दुपारी फोन वाजला.

"आबा, एक आनंदाची बातमी! तुमच्या रक्तातल्या पेशी काय वाढतायत! बाकीच्यांच्या चार दिवसांत माना टाकतात, तुमच्या नुसत्या जोमात. साहेब म्हणाले, अशा निरोगी पेशी पहिल्यांदाच मिळाल्या."

"मग? निघालीस का?"

"तेच सांगत होते. त्या पेशींना रोज बघावं लागतं, दिवसाआड खाऊ घालावं लागतं. मला रविवारीसुद्धा इथून हलता येत नाही आता."

भाऊंनी मांडलेल्या दोन ताटांकडं पाहिलं. "काय खात्यात त्या?"

"गुलाबी पाणी असतं एक. त्यात साखर आणि बाकी काय काय."

"थंडगार देतीस का?"

"छे! अंगाएवढं कोमट करून देते."

"किती दिस जगत्याल?"

"नीट सांभाळलं तर कितीही. मी स्वतः बघते आबा, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही."

"बरं," भाऊ म्हणाले. "दे मग पोटभर. उपाशी ठिवू नगं."

फोन ठेवून ते चुलीपाशी आले. एक ताट उचलून फळीवर ठेवलं. पुण्यातले हनुमंतभाऊ लेकीच्या हातचं जेवत होते. इथल्यांनी आपलं आपण वाढून घेतलं.