दत्तराव मामांचा डोळा

दिवस मावळला की नाही, हे दत्तराव मामा आभाळाकडं बघून ठरवत नाहीत. अंगणातल्या खांबावर त्यांनी हरभऱ्याच्या डाळीएवढी एक चकती बसवली आहे. तिच्यावर उजेड पडतो तोवर दिवा बंद. अंधारलं की दिवा आपोआप चालू. दुकानदार तिला सेन्सर म्हणतो, मामा म्हणतात 'डोळा'. एकदा दुपारी तीनला काळे ढग आले, अंगणातला दिवा लागला, आणि मामांनी देवापुढं उदबत्ती लावून झोपायला बाज टाकली.

"अहो, माझ्या शेळ्या अजून रानात हायेत!" शेजारच्या गयामावशी ओरडल्या. "सांज कशी झाली?"

"शेळ्यायले काय इचारून राहिली? डोळ्याले इचार," मामा म्हणाले आणि कूस बदलली.

मी कोकणातला, सातवीत शाळा सोडलेला. कनेरगाव नाक्यावर पंक्चरच्या दुकानात काम मिळालं, पण राहायला खोली मिळेना. गाव सांगितलं की लोक विचारायचे, "एवढ्या लांब काहून आला? काय करून आला?" मामांनी फक्त एक प्रश्न केला. "दिवा बंद करता येतो का?"

मी घाईनं हो म्हणालो.

"मंग चुकलंच. माझ्या घरी ते काम माणसाचं न्हाई." आणि हातात किल्ली ठेवली. ना ओळख विचारली, ना कागद. आजही त्या घराच्या उंबऱ्यावर पाय देताना माझा हात आपोआप कपाळाला जातो.

जन्मभर विजेच्या खांबांवर चढउतार केलेला हा माणूस. मामी गेल्यापासून एकटाच. जमिनीवर आल्यावर काय करावं हे न सुचल्यामुळं मामांनी दिसेल तिथं डोळे बसवले. फाटकावरचा दिवा तर असा लावला की डोळा थेट त्याच दिव्याकडं बघायचा. अंधारलं की दिवा लागे, उजेड दिसला की विझे, विझला की पुन्हा लागे. रस्त्यावरच्या ट्रकवाल्यांना वाटलं नवा ढाबा निघाला. एकजण आत येऊन बाजेवर बसला आणि दाल तडका मागू लागला. मामांनी त्याला पिठलं-भाकर वाढली आणि फाटकाचा दिवा आठवडाभर तसाच ठेवला.

मग गयामावशींच्या शेळ्या मोजायचं यंत्र झालं. वाड्याच्या दारात एका बाजूला दिवा, समोर डोळा. शेळी मधून गेली की उजेड अडायचा आणि आकडा एकनं वाढायचा. शेळ्या तेवीस. यंत्रानं दाखवल्या एकेचाळीस, कारण एक शेळी दारातच उभी राहून निवांत कान हलवत होती.

"आता वरच्या अठरा तुमीच चारा," मावशी म्हणाल्या.

"डोळा बराबर हाय. तुझी शेळीच नाटकी."

असं सगळं हसण्यावारी चाललं होतं. मग एक दिवस मला माझ्याच खोलीत, दिव्याच्या वर, एक डोळा सापडला. त्याची वायर भिंतीतून मामांच्या घरात गेली होती. मला दिवा चालू ठेवून झोपायची सवय. म्हटलं, म्हातारा पाळत ठेवतोय; आता वीजबिलापायी खोली जाणार, आणि पुन्हा कुणी द्यायचं नाही. विचारायची हिंमत झाली नाही. दुकानातून ट्यूबचं एक ठिगळ आणलं आणि सोल्यूशन लावून डोळ्यावर घट्ट बसवलं.

दुसऱ्या दिवशी सातला आलो, दिवा लावला, भात टाकला, जेवलो. आठच्या सुमाराला गयामावशींनी दार बडवलं.

"आरं, तू तर घरातच हायेस की! तिकडं ते म्हातारं नाक्यावर एकेका ट्रकखाली वाकून बघून राहिलं!"

मी तसाच पळालो. मामा टॉर्च घेऊन रस्त्याच्या कडेनं येत होते. धोतर गुडघ्यापर्यंत धुळीनं माखलेलं.

"कव्हा आलास?"

"सातला."

"खोटं."

माझी खोली घराच्या मागच्या अंगाला आहे. दहा पावलं चालून दार वाजवलं असतं तरी कळलं असतं. पण डोळा नाही म्हणाला, म्हणजे मामांच्या लेखी मी आलोच नव्हतो. खोलीत येऊन त्यांनी स्टुलावर चढून ते ठिगळ बघितलं.

"हे काहून लावलं?"

"वाटलं, खोली काढून घ्याल," मी म्हणालो.

मामा नखानं ठिगळ सोलत राहिले. ते निघालं तशी भिंतीपलीकडून, मामांच्या घरातून गयामावशींची हाक आली, "लागला हो, लागला!"

जाऊन बघितलं. मामांच्या चुलीजवळ, फळीवर, बोराएवढा लाल दिवा लागला होता.

"तुझ्या खोलीत उजेड झाला की हा लागतो," मावशी म्हणाल्या. "रस्ता असा, ट्रका अशा. तू घरी आलास हे कळल्याबिगर हे जेवाय बसत न्हाई."

"तू गप बस," मामा खेकसले.

चुलीपाशी ताट वाढून झाकलेलं होतं. भाकरी गार होऊन कडक झाली होती. मामांनी पाट ओढला, पण बसेनात.

मी पोटभर जेवून आलो होतो. समोर मांडी घातली आणि म्हणालो, "मामा, मलाही अर्धी द्या."