वरच्यालाच ठाऊक

कोठीच्या हवालदारांचं एकही वाक्य देवाशिवाय पुरं होत नसे. बूट पायात बसले तर देवाची कृपा, नाही बसले तर देवाची मर्जी, आणि नव्या जवानाला पावतीवर सही करायला सांगायची तीसुद्धा "घे देवाचं नाव आणि कर" असं म्हणून. शेवटी एका जवानाने तक्रार केली. पलटणीचा नियम स्पष्ट होता: हुद्द्याने मोठ्या माणसाने हाताखालच्यापाशी देवाधर्माची गोष्ट आपणहून काढायची नाही. कोणी विचारलंच तर सांगायला हरकत नाही.

"आणखी एकदा कानावर आलं, तर तुमची दहा दिवसांची रजा रद्द," मेजरसाहेब म्हणाले.

आता बोला. ती रजा लेकीचं पहिलं बाळ बघायला जाण्यासाठी होती. बाळ महिन्याचं झालं, तरी आजोबांनी अजून नुसता फोटोच पाहिला होता.

"अहो, तो शब्दच टाकून द्या," बायको म्हणाली. "नुसतं 'वरचा' म्हणा. कळायचं त्याला कळतं."

सल्ला सोन्यासारखा होता. फक्त कोठीच्या बरोब्बर वर कर्नलसाहेबांची खोली आहे, हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

दुसऱ्याच दिवशी कोठीत मोजणी निघाली. दोन ब्लँकेटं कमी.

"कुठं गेली?" मेजरसाहेबांनी विचारलं.

"वरच्यालाच ठाऊक, साहेब."

मेजरसाहेबांचं पेन थांबलं. "त्यांनी नेली म्हणता?"

"देणारा तोच, नेणारा तोच. आपण कोण विचारणारे?"

"हळू बोला हो! ऐकतील ना."

"त्याच्यापासून काय लपलंय, साहेब? रोज सकाळी बोलणं होतं आमचं. रजेचंही त्याच्याच कानावर घातलंय."

कर्नलसाहेबांना अरे-तुरे करणारा हवालदार मेजरसाहेबांनी जन्मात पाहिला नव्हता. त्यांना दरदरून घाम फुटला. ते तडक जिना चढून वर गेले आणि म्हणाले, "साहेब, ब्लँकेटांची काळजी नको. मी मिटवतो सगळं."

कर्नलसाहेब कानापर्यंत लाल झाले. "हवालदाराला पाठवा. एकट्याला."

हवालदार जिना चढले ते रजेवर पाणी सोडूनच. कर्नलसाहेबांनी दार लावून घेतलं.

"ब्लँकेटं मी नेली, हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

हवालदारांना काही उमगेना. एवढ्यात टेबलाखालून कुंईकुंई ऐकू आली. वाकून बघतात तो काय, कोठीच्या दोन नव्याकोऱ्या ब्लँकेटांवर एक कुत्री आणि तिची चार पिल्लं. आणि पलटणीत कुत्री पाळायला बंदी घालणारा हुकूम खुद्द कर्नलसाहेबांच्या सहीचा.

"साहेब, तुम्ही विचारताय म्हणून सांगतो," हवालदार चाचरत म्हणाले. "वरचा म्हणजे... मी देवाबद्दल बोलत होतो."

कर्नलसाहेबांनी रजेचा अर्ज मागवून घेतला, दहा खोडून पंधरा केले आणि सही ठोकली.

"हवालदार, ही गोष्ट आपल्या तिघांतच राहू दे."

"म्हणजे मेजरसाहेबांना माहीत असलं तर चालेल?"

"मेजर त्या तिघांत नाहीत," कर्नलसाहेब म्हणाले, आणि त्यांनी हळूच छताकडे बघितलं.