नागनाथअण्णांची सोयीची गाडी

नागनाथअण्णांची स्कूटर विजेवर चालते, पण येते ती बैलाच्या घुंगरांचा आवाज करत. गाडी नवी घेतली तेव्हा तिसऱ्याच दिवशी ती लोहारा गावच्या बाजारात एका म्हशीला मागून जाऊन धडकली. म्हशीनं वळूनसुद्धा पाहिलं नाही. अण्णांचं मात्र पुढचं मडगार्ड चेपलं.

"गाडी मुकी हाय, सर," ते मला म्हणाले. "जनावराला कळावं कसं, मागून कुणी यायलंय म्हणून? सोय पायजे."

संध्याकाळपर्यंत चेपलेल्या मडगार्डावर घुंगरमाळ बसली. आता आमच्या गल्लीतले म्हातारे बैलगाडी आली म्हणून बाहेर बघतात आणि त्यांना हेल्मेट घातलेले अण्णा दिसतात.

अण्णा आमच्यापासून चार घरं सोडून राहतात. तीस-एक वर्षं लाईनमन होते. निवृत्त झाले त्याच साली पुण्यात त्यांच्या मुलाला, प्रकाशला, मुलगी झाली आणि मंगलकाकू सहा महिन्यांसाठी म्हणून नातीला सांभाळायला गेल्या. ती नात आता शाळेत जाते. काकू अजून तिकडंच आहेत. अण्णाही गेले होते एकदा, आठ दिवसांत परत आले. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, "तिथं लाईटच जात न्हाय. करायचं काय माणसानं?"

मग प्रकाशनं त्यांना ही गाडी घेऊन दिली, आणि अण्णांना काम मिळालं.

घुंगरमाळेनंतर प्लास्टिकच्या पाईपात उभी केलेली छत्री आली. हँडलवर मोबाईलची खुंटी आली, तिच्या शेजारी तळहाताएवढा पंखा आला. डाव्या अंगाला घडीचं स्टूल लटकलं, उजव्या अंगाला चहाचा थर्मास. कुत्र्यांसाठी एक काठी, तिला तलवारीसारखं म्यान. चाकात हवा भरायचा छोटा पंप, तो गाडीच्याच विजेवर चालायचा. मागच्या सीटला लोखंडी पाठ. वेल्डिंगवाला सलीम एकदा म्हणाला, "अण्णा, आता एक न्हाणी बसवा, म्हंजी घराकडं जायची गरजच न्हाय." अण्णांनी त्यावर गंभीरपणे विचार केला. "पाण्याची टाकी लई जड हुईल रे," ते म्हणाले.

एकदा नाक्यावर एका पोलिसानं त्यांना थांबवलं. गाडीभोवती एक चक्कर मारून तो म्हणाला, "काका, हे काय हाय?"

"काय काय सांगू? उन्हात उभं हाव, बसा आधी," असं म्हणून अण्णांनी स्टूल उघडून मांडलं. छत्री त्याच्याकडं वळवली, थर्मासमधून चहा दिला. मग पोलिसाच्या मोटारसायकलचं मागचं चाक दाबून बघितलं आणि पंप काढून हवा भरून दिली. पोलिसानं चहा संपवला आणि तो एवढंच म्हणाला, "छत्री तेवढी मिटून चालवा, काका. उडाल एखाद्या दिवशी."

इतकं सगळं असून गाडीत एक खोट होती. बॅटरी पुरायची नाही. अण्णा रोज कुठं ना कुठं अडकायचे. सकाळी गेलेला माणूस तिन्हीसांजेला यायचा आणि सांगायचा, "उतरली हो रस्त्यात. एका वस्तीवर लावली चार्जिंगला." त्यासाठी त्यांनी डिकीत वीस मीटर वायरचं भेंडोळं ठेवलं होतं. कुणाच्याही सोप्यातून ते रस्त्यापर्यंत पोचायचं.

हे पुण्याला कळलं आणि प्रकाशचा मला फोन आला. "सर, या वयात असं रस्त्यात अडकणं बरं नाही. मोठ्या बॅटरीची गाडी बघून ठेवलीय मी. पण अण्णा ऐकत नाहीत. आई पण काळजी करते. तुम्ही पटवा जरा."

मलाही नवल वाटलं. पंखा, पंप, स्टूल यांना हो म्हणणारा माणूस बॅटरीला नाही का म्हणतो? मी विचारलं तर अण्णा म्हणाले, "उगं कशाला? हाय ती चांगली हाय."

पुढच्या शनिवारी माझी मोटारसायकल दुरुस्तीला होती आणि मला माकणीला भाचीच्या साखरपुड्याला जायचं होतं. "चला की, म्या सोडतो," अण्णा म्हणाले. म्हटलं बरं झालं, वाटेत बोलू. लोखंडी पाठीला टेकून मी गेलो. साखरपुडा झाला, जेवण झालं. परत येताना अर्ध्या वाटेत अण्णांनी गाडी एका वस्तीकडं वळवली.

"उतरली, सर."

दोन खोल्यांचं पत्र्याचं घर, पुढं लिंबाचं झाड. गाडी थांबायच्या आत एक बाई बाहेर आली आणि अण्णांना म्हणाली, "आज उशीर केलाव? मामंजी दुपारपासून इचारायलेत."

मामंजी म्हणजे तिचा सासरा. सोप्यात बाजेवर म्हातारा पडून होता. त्याला दिसत नव्हतं. "नागनाथ आला व्हय?" त्यानं विचारलं. अण्णांनी वायर सोडली, चार्जर लावला आणि ते बाजेशेजारी जाऊन बसले.

दोघांच्या गप्पा सुरू झाल्या. कुठल्याशा वादळात गावाचे खांब कसे आडवे झाले, अण्णा कसे तीन दिवस खांबावरच होते. "लाईट आली तवा गाव वरडलं हुतं," म्हातारा म्हणाला. "तुला खांद्यावर घेऊन नाचलो आमी."

"तवा लाईट गेली की समदे माझीच वाट बघायचे," अण्णा म्हणाले. मग उठून त्यांनी घरातलं एक ढिलं बटण पिळून घट्ट केलं, कुणी न सांगता.

मला उन्हानं जरा घेरी आल्यासारखं वाटत होतं. गाडीत लिमलेटच्या गोळ्या असतात हे माहीत होतं, म्हणून मी डिकी उघडायला गेलो. मीटरवर अण्णांनी रेक्झिनचं झाकण शिवून घेतलं होतं. उन्हानं आकडे जातात म्हणायचे. किल्ली फिरवताना माझा हात लागून ते वर झालं. चार्जिंगला लावून पुरती दहा मिनिटं झाली नव्हती, आणि मीटर पंच्याहत्तर टक्के दाखवत होतं.

मी झाकण होतं तसं केलं. मागं बाई चहाचे कप घेऊन उभी होती. तिनं माझ्या हाताकडं पाहिलं आणि हळूच म्हणाली, "आमच्याकडं शनवारी उतरती, सर. पलीकडं माळावर एक मास्तरीणबाई एकल्याच ऱ्हातेत, तिथं मंगळवारी."

"तुम्हाला ठाऊक आहे?"

"आता इतकं बी कळत न्हाय व्हय आमाला?" ती म्हणाली. "मामंजीस्नी मातर सांगू नका. त्यांला वाटतंय, आपल्या लाईटीवर नागनाथ घरी जातो."

आम्ही दीड तास बसलो. परतीच्या वाटेवर मी मोठ्या बॅटरीचा विषय काढला नाही.

घरी येऊन प्रकाशला फोन केला. गाडी बदलू नका म्हणालो. "मग बॅटरीचं?" त्यानं विचारलं. मी म्हणालो, "बॅटरी ठीक आहे. सुट्टी मिळाली की नातीला घेऊन तुम्हीच या आठ दिवस." त्याला त्याचा संबंध कळला नसावा. बघतो म्हणाला.

परवा रविवारी सकाळी मी अंगणात पेपर वाचत बसलो होतो. आमच्या फाटकाशी गाडी येऊन थांबली. अण्णा उतरले आणि वायरचं भेंडोळं हातात घेऊन उभे राहिले.

"सर," माझ्याकडं न बघता ते म्हणाले, "उतरली हो."

त्यांचं घर तिथून हाकेच्या अंतरावर होतं. दाराला कुलूप होतं, तेही दिसत होतं.

मी वायरचं टोक घेतलं, खिडकीतून आत दिलं आणि बायकोला दोन कप चहा टाकायला सांगितला.

"किती वेळ लागेल, अण्णा?"

"लागंल की दोन तास," ते खुर्ची ओढत म्हणाले. "लईच उतरलीय."